बेस पॉइंट

एलिसेओ, आधी एकक बघ.
मागच्या आठवड्यात सेंटिमीटरच्या जागी
मिलिमीटर धरून काढलंस गोठ्याचं छप्पर
आणि सुतारानं फोन करून विचारलं,
आत गाय राहणार आहे की कोंबडी?
आपण हसलो. लाकूडवाला हसला नाही.

खरं माप काढ, पुरतं.
स्क्रीनमध्ये घर खऱ्याएवढंच असतं,
लहान दिसतं ते आपण लांब उभे असतो म्हणून.
कागदात मावेल का, ही काळजी छापताना.

भिंती एका लेयरवर, खिडक्या दुसऱ्या,
पाण्याचे नळ वेगळे. आणि नावं धड दे.
‘नवीन लेयर ७’ मध्ये काय दडलंय
ते तुला गुरुवारी आठवणार नाही,
शुक्रवारी मी नसते.

उत्तर कुठे, हे पहिल्याच दिवशी सांग त्याला.
हा प्रोग्राम वरच्या कुठल्यातरी देशात लिहिलेला,
न विचारता ऊन दक्षिणेकडून पाडतो.
मी एकदा मान डोलावली.
केमचीच्या त्या शिक्षिकेनं हौसेनं मोठी खिडकी घेतली,
अजून भर दुपारी दिवा लावून बटाटे सोलते.
भेटली की मासे देते, बोलत काही नाही.
आपल्या बेटावर सूर्य उत्तरेचा,
पाऊस वायव्येचा, आणि तो आडवा येतो.

दाराचा पाख काढायला विसरू नकोस.
दार उघडतं तेव्हा जागा खातं.
चुलीपाशी दार, दारापाशी चूल
आणि मधे ओले बूट काढणारा माणूस:
त्याचा लेयर कुठल्याच यादीत नसतो,
तरी तो काढ.

आता रेमिहिओ कार्कामोचं घर.
कडा दर हिवाळ्यात हातभर समुद्रात जातो,
म्हणून म्हातारा घर वर नेतोय, टेकडीवर,
शेजाऱ्यांचे बैल लावून, अख्खं, छपरासकट.
घर पाहावं बांधून म्हणतात;
नगरपालिका म्हणते, आधी काढून दाखवा.

तू मापं आणलीस, स्नॅप चालू ठेवलास,
चारही कोपरे टाचणीसारखे काटकोनात बसले.
मी विचारलं, कर्ण मोजलेस का? दोन्ही?
मोजले होतेस. अकरा सेंटिमीटरचा फरक.
टेप लोंबली असेल, म्हणालास,
आणि घर सरळ करून टाकलंस.

रेमिहिओनं कागद फिरवून फिरवून पाहिला.
“छान आहे,” म्हणाला. “कोणाचं?”

भूकंपात त्याची मागची भिंत कलली,
तेव्हापासून कपाट, पलंग, ओतिलियाचं शिवणयंत्र
सगळं त्या तिरकेपणाला धरून लागलंय.
स्नॅप बंद कर अशा वेळी.
हात जरा थरथरू दे.

सरकवायची कमांड आधी बेस पॉइंट मागते.
घाईत कुठेही टिचकी मारलीस
तर घर कागदाबाहेर उडी मारतं
आणि तू अर्धा तास शोधत बसतोस.
मला त्या दिवशी सुचेना, कुठून धरावं.
म्हाताऱ्यानं टोपी काखेत मारली,
स्क्रीनवर वाकला,
चुलीच्या कोपऱ्यावर बोट टेकलं.
“इथून.”
काजळीचा ठसा उमटला. तो मी लगेच पुसला नाही.

शनिवारी बारा जोड्या लागल्या,
चूल विझवू नका म्हणून ओतिलिया हटून बसली,
घर धूर काढत चढ चढलं.
वर पोचलं ते नकाशापासून चाळीस सेंटिमीटर डावीकडे,
तिथे दगड लागला, बैल थांबले,
कोणीतरी सिडर ओतायला घेतली.

ही त्याची फाइल. घे, तू सरकव.
घर नाही रे, रेष. डावीकडे, चाळीस.
नाव ‘अंतिम’ ठेवू नकोस, तारीख लिही.
आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह कर,
बाहेर वारा बघितलास का,
आत्ता जाईल वीज.